‘बेल, बुक अँड कँडल’ हा १९५८ चा चेटकिणीचा प्रेमपट खरंच पाहण्यासारखा आहे, की नुसताच हलकाफुलका?

हलकाफुलका आहेच, तरीही जरूर पाहा.

कथा एवढीशीच. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये आदिम कलेचे मुखवटे नि मूर्ती विकणारी गिलियन (किम नोव्हाक) चेटकीण असते. वरच्या मजल्यावर राहायला आलेला प्रकाशक शेप (जेम्स स्टुअर्ट) तिच्या मनात भरतो. त्याचं लग्न नेमकं तिच्या कॉलेजातल्या वैरिणीशी ठरलंय हे कळताच ती त्याच्यावर मोहिनी घालते. पण चेटकीण स्वतः प्रेमात पडली की तिची विद्या जाते.

माझ्या मते चित्रपट उभा आहे तो नोव्हाकच्या जिवावर. चेटकिणीला रडू येत नाही आणि ती लाजून लालही होत नाही, असा कथेतला नियम. म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत तिने प्रेमात पडत जायचं, पण नट्यांची नेहमीची हत्यारं वापरायची नाहीत. ती ते खालच्या, घोगऱ्या आवाजावर आणि संथ हालचालींवर पेलते. मोहिनीचा प्रसंग नीट बघा. पायवॅकेट नावाचं सयामी मांजर तिने चेहऱ्याला भिडवून धरलंय, ती गुणगुणतेय आणि मांजराच्या डोक्यावरून फक्त तिचे डोळे दिसतात. कसली चमत्कृती नाही, धूर नाही. छायाचित्रकार जेम्स वाँग हाऊ यांनी प्रकाश आणि चौकट एवढ्यावरच जादू खरी वाटायला लावली आहे. जाँ लुई यांच्या वेशभूषेला ऑस्करचं नामांकन होतं. सुरुवातीचे काळे, गडद लाल कपडे शेवटी फिकट होतात, तेव्हा विद्या गेल्याचं संवादाआधी कपडेच सांगतात.

उत्तरार्धात मात्र चित्रपट रेंगाळतो. मूळ जॉन व्हॅन ड्रूटेन यांचं १९५० चं नाटक, त्यामुळे पात्रं खोलीत बसून बोलत राहतात. चेटूकविद्येवर पुस्तक लिहिणारा रेडलिच आणि गिलियनचा भाऊ निकी (जॅक लेमन) यांचं उपकथानक रंगायला लागतं आणि मध्येच विरून जातं. स्टुअर्ट तेव्हा पन्नाशीचा, नोव्हाक पंचविशीची. प्रणयप्रसंगांत हे अंतर खटकतं. मोहिनी उतरवण्यासाठी मिसेस डी पास ही दुसरी चेटकीण त्याला एक भयंकर काढा पाजते, तिथे मात्र तो बहार आणतो. शेवटाबद्दल माझी खरी तक्रार आहे. प्रेमाची किंमत म्हणून विद्या जाते, हे एक वेळ पटतं. पण मुखवट्यांच्या जागी दुकानात शिंपल्यांची फुलं आली की तिच्यातला सगळा तिखटपणाच काढून घेतल्यासारखं वाटतं.

बऱ्याच जणांची निराशा होते ती हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’च्या पाठोपाठ हा लावल्यामुळे. तोही १९५८ चाच आणि जोडीही तीच. नोव्हाक कोलंबिया स्टुडिओकडे करारबद्ध होती. तिला ‘व्हर्टिगो’साठी देण्याच्या बदल्यात स्टुअर्टने इथे काम केलं. ‘व्हर्टिगो’तली घालमेल इथे शोधू नका, दोन्हींमध्ये काही दिवस जाऊ द्या.

१०६ मिनिटं जास्त वाटत असतील, तर आधी रने क्लेअर यांचा ‘आय मॅरीड अ विच’ (१९४२) पाहा. जातकुळी हीच, पण सव्वा तासात आटोपतो आणि विनोद जास्त चपळ आहे. प्रेमकथा म्हणून मात्र मला नोव्हाकचाच जवळचा वाटतो.