निविदा कारण न देता बाद झाली, दाद कुठे मागू?

प्रश्न : आबा, अमळनेरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळांना बाक पुरवायच्या एका सरकारी निविदेत भाग घेतला होता. पोर्टलवर तांत्रिक लिफाफ्यापुढे (पात्रतेची कागदपत्रं असतात तो) 'अपात्र' एवढंच दिसतंय. दुसऱ्या एका कार्यालयाकडे कपाटांचं बिल दिवाळीपासून अडकलंय. सरकारी खरेदीचा कायदा बदला, असं सगळे म्हणतात. पण नेमकं काय बदलायला हवं?

उत्तर : ताई, बदलायला आपल्या राज्यात सर्वसाधारण खरेदीचा कायदाच नाही! उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली नियमपुस्तिका आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या, यांवर कार्यालयीन खरेदी चालते. २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा झाला, पण तो औषधं आणि उपकरणांपुरता. शासन निर्णय म्हणजे सरकारने स्वतःला घालून घेतलेली शिस्त. विधिमंडळाच्या कायद्याने जसा अपिलाचा हक्क मिळतो, तसा त्यातून मिळत नाही. मग उरतं उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. बाकांच्या एका ऑर्डरसाठी तिथवर कोण जाणार?

तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये असा कायदा केला. राजस्थानात नाराज निविदाकाराला साधारण दहा दिवसांत अपील करता येतं. केंद्रातही २०१२ मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं गेलं, पण ते मंजूर न होताच रद्दबातल झालं. माझ्या मते महाराष्ट्राने पहिली घ्यावी ती ही अपिलाची सोय, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणीच. आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा, उघडण्याआधी प्रत्येक अपात्र निविदाकाराला लेखी कारण मिळालं पाहिजे. दर फुटल्यावर कारण कळून उपयोग काय?

मी धुळ्यात भांडार शाखेत नोकरी केली. खेळ बहुतेक वेळा दर उघडताना होत नाही, तो 'विनिर्देश', म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी याच्या अटी, लिहितानाच होऊन गेलेला असतो. साध्या बाकासाठी 'सात टाकी प्रक्रियेने पावडर कोटिंग' (रंगाआधी लोखंड एकामागून एक सात टाक्यांत बुडवून साफ करायचं) अशी अट टाकली की तालुक्याच्या गावातली वर्कशॉपं आपोआप बाहेर. पाइपची जाडी, प्लायची जात हे विचारावंच, पोरांना वर्षानुवर्षं त्यावर बसायचंय. पण किरकोळ रकमेच्या कामाला कोटींची उलाढाल मागणं हा सरळ अन्याय आहे, आणि तो मला आजही सहन होत नाही. प्रत्येक अट कशासाठी घातली, हे टिपणीत लिहून ती टिपणी निविदेबरोबरच प्रसिद्ध करावी, असं कलम कायद्यात हवं.

आता तुमचं. आधी लेखी पत्र देऊन अपात्रतेचं कारण मागा, पोच घ्या. पुरवठा आदेश निघाला की दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज करा. 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. तांत्रिक मूल्यमापनाचा अहवाल आणि समितीचं इतिवृत्त नाव घेऊन मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पुढच्या खेपेला जाचक अट दिसली तर निविदापूर्व बैठकीतच लेखी हरकत घ्या, मागाहून ती फार कोणी ऐकत नाही.

बिलाच्या बाबतीत मात्र कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कपाटं तुम्ही स्वतः बनवलीत आणि पुरवठ्याआधीची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, दावा लावा. पुरवठा आदेश, माल मिळाल्याची सही असलेलं चलन आणि बिलाची पोच एकत्र ठेवा. चलनावर सही नसेल तर आधी तीच मिळवा. काही कार्यालयं 'पुढची ऑर्डर देणार नाही' म्हणून दबाव आणतात, म्हणून दाव्याआधी व्याजाचा हिशोब मांडून एक नोटीस द्या. कित्येकदा तेवढ्यावरच बिल निघतं.