नवस आईचा, पाचारण कोणाचं?

मी समुपदेशक. वसई पट्ट्यातल्या कॅथलिक घरांतून माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न लग्नाचा. त्याच्या खालोखाल, निदान मे-जून महिन्यांत, हा: "मुलाला फादर व्हायचंय, ते खरंच पाचारण, म्हणजे देवाची हाक, आहे हे कसं ओळखायचं?" कधी आई विचारते, कधी मुलगा. या वेळी दोघं एकत्र आले होते, आणि प्रश्न थोडा वेगळा होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सतरा वर्षांचा, नुकताच बारावी झालेला. फादर व्हायची इच्छा असलेल्या मुलांसाठीच्या पाचारण शिबिराची तारीख जवळ आली की त्याच्या पोटात कळा यायच्या. दोनदा सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

आई खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होती. दोन वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात ताप गेला होता. चौथ्या रात्री ती हॉस्पिटलमधून उठून थेट रमेदी मातेच्या चर्चला गेली आणि मातेपुढे बोलली, "वाचव, मी याला तुझ्या लेकाला, येशूला देईन." पोर वाचलं. तेव्हापासून घरात, नातेवाइकांत, चर्चच्या आवारात तो "आमचा फादर". तिने आपल्या दोन बांगड्याही बाजूला काढून ठेवल्या होत्या, तो फादर होईल त्या गुरुदीक्षेला वेदीवरचा चषक करायचा म्हणून.

"मॅडम, हा नाही गेला तर नवस मोडेल. मग परत याला काही झालं तर?"

मुलगा जमिनीकडे बघत होता.

इथे माझी चूक झाली, ती सांगते. मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले: याला जायचंच नाही, आई ढकलतेय, पोट बोलतंय. पुढच्या भेटीत तो एकटा आला तेव्हा मी विचारलं, "नवस नसताच, तर?" मला वाटलं सुटल्यासारखा हसेल. तो रडायला लागला. म्हणाला, "तेच कळत नाही. मला कुणी कधी विचारलंच नाही."

मग कामाचे दोन भाग पडले. एक आईचा, एक त्याचा.

आईला मी तिच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे तिच्या चर्चच्या, फादरांकडे पाठवलं, कारण माझ्या तोंडून हे ऐकून तिला पटलं नसतं. कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कॅनन लॉमध्ये, कलम ११९३ स्वच्छ सांगतं: नवस करणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणजे आईने लेकाच्या नावाने काहीही बोललेलं असो, लेक त्याने बांधला जात नाही. आणि असा खासगी नवस रास्त कारण असेल तर धर्मग्रामाचे प्रमुख फादर स्वतः सोडवू शकतात. कलम १०२६ तर त्याहून कडक आहे. कुणालाही, कोणत्याही कारणाने, कोणत्याही प्रकारे दीक्षा घ्यायला भाग पाडणं निषिद्ध. आपल्याकडे हे किती घरांना ठाऊक असतं? चर्चला ओढूनताणून आणलेला माणूस नको असतो, पण घरचे आणून उभा करतात.

ती फादरांकडून आली ती थोडी रागावलेलीच. "म्हणजे पंधरा वर्षं मी उगाच घाबरले?" बायबलमधल्या हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला दिलं, मग मी का नाही, हाही तिचा प्रश्न होता. मी तिला वसईच्याच संत गोन्सालो गार्सियांची आठवण दिली. त्यांनी जेज्वीट संघाच्या फादरांबरोबर धर्मशिक्षक म्हणून काम केलं, मग व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर झाले आणि १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेले. फादर कधीच झाले नाहीत. देवाला दिलेला माणूस झग्यातच असायला हवा असं कुठे आहे? ती काही बोलली नाही. पण पुढच्या वेळी एकटीच आली आणि त्या चौथ्या रात्रीबद्दल दीड तास बोलली. नवसाखाली भीतीच होती. पोर मोठं झालं तरी तिच्या लेखी तो अजून तापात होता.

मुलाला मी एक वही दिली. ही युक्ती माझी नाही. १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळलेले लोयोलाचे इग्नेशियस, पुढे जेज्वीट संघ स्थापन करणारे संत, दिवसभर स्वप्नं बघायचे. कधी दरबाराची, शौर्याची; कधी संतांसारखं जगायची. दोन्ही स्वप्नं रंगात असताना गोडच लागत. फरक नंतर पडायचा. पहिल्यानंतर मन कोरडं व्हायचं, दुसऱ्यानंतर समाधान मागे राहायचं. म्हणून वहीत "आज काय आवडलं" असं लिहायचं नाही. ते संपल्यावर दोन तासांनी मनात काय उरलं, तेवढंच लिहायचं.

पाच महिन्यांच्या नोंदी वाचताना मला माझा पहिला निकाल गिळावा लागला. काकांनी "काय फादर!" म्हटलं की संताप उरायचा. सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वेदीवर सेवा केली, लोकांनी कौतुक केलं, की काहीच उरायचं नाही. पण रविवारी दुपारी तो दोघा-तिघांबरोबर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे जायचा. एका आजोबांना रोज़रीच्या (जपमाळेच्या) प्रार्थनेतला शब्द आठवत नाही, म्हणून हा थांबून राहतो. त्या नोंदीपुढे दर वेळी एकच शब्द होता: "शांत." त्याचा राग पाचारणावर नव्हता. त्याच्या आधीच कुणीतरी उत्तर देऊन टाकलं होतं, त्यावर होता.

मधे त्याने घाईघाईत विचारलं, कॉलेजातली एक मुलगी आवडते, म्हणजे संपलं ना सगळं? नाही. कुणी आवडणं हा नकार नव्हे. ब्रह्मचर्य कडवट न होता पेलता येईल का, एवढंच पाहायचं असतं, आणि ते सतराव्या वर्षी ठरत नाही. त्यासाठीच तर वेळ आहे: आधी एक-दोन वर्षं पूर्वतयारी, मग तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाच्या (धर्मशास्त्राच्या) अभ्यासाची मिळून निदान सहा वर्षं, आणि पंचविशीच्या आत सहसा कुणी फादर होत नाही. फादर घडवणाऱ्या सेमिनरीत मोकळेपणी बोलायलाही जागा असते. आध्यात्मिक मार्गदर्शकाला किंवा पाप निवेदन ऐकणाऱ्या फादरांना "या मुलाला दीक्षा द्यावी का" असं विचारायलाच कायद्याने बंदी आहे. हे ऐकून तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकला.

त्या वर्षी तो गेला नाही. बी.कॉम.ला नाव घातलं. पोटाची तक्रार गेली. आईने त्या बांगड्या मोडून त्याला कॉलेजला जायला स्कूटर घेऊन दिली, आणि मला फोन करून हे सांगताना तिचा आवाज अपराधी होता.

पदवीच्या निकालानंतर तो स्वतःहून फादरांना जाऊन भेटला. शिबिराचा अर्ज त्याने घरी न सांगता भरला होता. आता पूर्वतयारीचं वर्ष सुरू आहे.

परवा आईचा फोन आला. घर खायला उठतं म्हणाली. मी विचारलं, आता परत आला तर? "येऊ दे की," ती म्हणाली, "खोली झाडून ठेवलीय." मग जरा थांबून तिने सांगितलं, स्कूटर दारात उभी राहून गंजेल म्हणून ती शिकतेय. बाजारापर्यंत जमतं, वळताना मात्र अजून पाय टेकवावा लागतो.