कोल्हापुरात घर भाड्यानं घेताना आडनाव आधीच सांगावं का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरला बदली झाली आहे, आडनाव कांबळे, शाहू महाराजांच्या गावात तरी घर बघताना जात विचारत नसतील ना, आणि आडनाव आधी सांगावं की नंतर.

विचारतात. फक्त सरळ विचारत नाहीत. दुसऱ्या शहरांत 'फक्त शाकाहारी' म्हटलं की मालकाचं काम भागतं. इथं ते जमत नाही, दर रविवारी मालकाच्याच घरात तांबडा-पांढरा उकळत असतो. मग 'गाव कुठलं?', त्यानंतर 'पाहुणे कुठले?' असं करत करत हळूच मुद्द्यावर येतात.

माझं सांगतो. आम्ही सुभाषनगरचे, बाबा पायताणं करतात. 2012 साली माझं लग्न ठरलं. घरात दोन खोल्या, त्यातली एक कातडं, ते कापायची रापी आणि ऐरणीनं भरलेली. म्हणून राजारामपुरीत खोली बघायला गेलो. माझं आडनाव दोन-तीन जातींत चालतं, त्यामुळं सगळं झकास चाललेलं. चहा झाला, भाडं ठरलं, डिपॉझिट कधी देतोस इथवर आलं. निघताना दारात मालकांची नजर माझ्या पायताणावर गेली. लग्नासाठी म्हणून बाबांनी मुद्दाम केलेलं, बारीक वेणीचं, चालताना करकर वाजणारं. त्यांनी एक हातात उचलून उलटंपालटं करून बघितलं. "कुठनं घेतलंस रे? चप्पल लाईनीत असलं काम आता मिळत नाही."

मी फुशारकीनं म्हणालो, "बाबांनी केलंय."

त्यांनी ते खाली ठेवलं. टाकलं नाही, नीट जोडीला जोड लावून ठेवलं, एवढं कबूल करतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाचा कॉलेजला येतोय, खोली त्याला लागणार." 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढं तीन महिने तिथंच होती. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो.

आता यावर कुठं तक्रार करणार? अॅट्रॉसिटीचा कायदा 1989 चा आहे, पण भाचा येतोय म्हणणं हा गुन्हा नाही.

शाहू महाराजांचं म्हणाल तर त्यांनी 1902 लाच संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. महाराज प्यायले म्हणून बाकीच्यांना प्यावा लागला. आज कुणाला काय प्यावं लागतंय? 2025 मध्ये प्राडानं मिलानला आमच्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा अख्खं गाव 'आमची कोल्हापुरी' म्हणून पेटलं. चप्पल आमची आणि करणारा तुमचा, असा तो हिशेब.

ती खोली गेल्याचं कळल्यावर दादा मलाच बोलला. "कापशीहून विकत आणलं म्हणाला असतास तर जीभ झडली असती?" दादानं गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव बदललंय आणि पुण्यात सोसायटीत राहतो. बाबा एकदाच गेले त्याच्याकडं. शेजाऱ्यांना त्यानं सांगितलं, "वडिलांचं फुटवेअरचं शोरूम आहे." बाबा तिसऱ्या दिवशी परत. म्हणाले, "हात कुठं ठेवायचे तेच कळंना." त्यांचे अंगठे रंगानं काळे पडलेत, रापीचे वण आहेत. शोरूमवाल्याचे हात तसले नसतात.

म्हणून तुम्हाला सांगतो, पहिल्या फोनलाच आडनाव सांगा. चार घरं जातील, जाऊ देत. लपवून मिळालेल्या घरात म्हातारा बाप राहू शकत नाही.

सगळेच तसे नसतात हेही खरं. मी आता राहतो ते मालक मराठा आहेत, नऊ वर्षांत त्यांनी एकदाही काही विचारलेलं नाही. आणि मातंगाला खोली द्यायची म्हटलं की का-कू करणारे आमच्याच गल्लीत आहेत, त्यात माझी आत्या एक. शिवाय तुमची पोरं लहान असतील, पावसाच्या तोंडावर सामान घेऊन फिरायची वेळ असेल, तर माझं ऐकू नका, तुमचं तुम्ही बघा.

दादा हे वाचेलच. बाबांनी त्याला पाठवलेला जोड त्याच्या शू-रॅकमध्ये अजून पिशवीतच आहे. दिवाळीत गेलो तेव्हा बघितलाय मी.