होई आनला जा, पण दिवाळीत नको आणि पीककर्जावर तर नकोच

प्रश्न थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या वाचक ताई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहेत, हातात पगार ६२ हजार. यजमानांची सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलगा दहावीत, पुढे लातूरला ठेवायचा आहे, मुलगी सातवीत. दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी व्हिएतनाममधल्या होई आनला जायचं घाटतंय. एजंटचं सहा रात्रींचं पॅकेज ३ लाख ९० हजारांचं, बारा 'बिनव्याजी' हप्त्यांत. बँकेत ३ लाखांची एफडी आहे, मल्टिस्टेट पतसंस्थेतले ४ लाख ऑगस्टमध्ये सुटतील. यजमानांचं म्हणणं, उचललेल्या पीककर्जातूनच भागवू.

ताई, सहल तुम्हाला परवडते. मात्र दिवाळीत, या भावात आणि या पैशांतून नाही.

आधी दिवाळीचं बघू. होई आन हे थु बॉन नदीकाठचं, समुद्राजवळचं सखल गाव. तिथला मोठा पाऊस आपल्यासारखा जून ते सप्टेंबरात पडत नाही, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस नदी जुन्या पेठेत शिरली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे दिवाळीत तिकडे पुराची भीती आणि इकडे सोयाबीनचे पैसे हातात आले की नाहीत याचा घोर. प्रवास विमा रद्द झालेल्या विमानाचे पैसे पॉलिसीतल्या अटींप्रमाणे देईल. 'पावसानं काही बघायला मिळालं नाही' याचे कोणी देत नाही.

तिथला कोरडा हंगाम फेब्रुवारी ते ऑगस्ट, तेव्हा मे बरा. पारा ३४-३५ च्या आसपास असतो, पण हवा दमट. परभणीचं ४३ सोसणारा माणूसही तिथे दुपारी हैराण होतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या. दहावीचा निकाल २०२५ मध्ये १३ मे रोजी लागला होता आणि अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. पसंतीक्रम भरायच्या दिवसांत घरी असलेलं चांगलं.

आता पैसा. पीककर्जाला हात लावू नका. वेळेत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. एकदा मुदत हुकली की सवलत जाते, खातं थकीत दिसतं आणि पुढच्या खरिपात नवं कर्ज अडतं. बियाणं-खतासाठीचे पैसे विमानाच्या तिकिटात घातले, तर ते फेडायला पीक कुठून येणार?

पतसंस्थेचे ४ लाख खात्यात येईपर्यंत हिशोबात धरू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मुदत संपण्याआधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, 'आपोआप नूतनीकरण' असेल तर ते रद्द करा. जास्त व्याजाच्या आमिषानं पुन्हा तिथेच गुंतवू नका. हे पैसे लातूरचे. क्लास, वसतिगृह आणि मेस मिळून पहिल्या वर्षाला दीड-दोन लाख धरा. पतसंस्थेनं तारखा द्यायला सुरुवात केली तर लातूरसाठी एफडी मोडावी लागेल. म्हणूनच ती सहलीत घालवायची नाही.

'बिनव्याजी' हप्त्यांत रोखीची सूट जाते आणि प्रक्रिया शुल्क व जीएसटी वर बसतो. रोखीचा भाव आणि बारा हप्त्यांची बेरीज दोन्ही लिहून मागा, फरक म्हणजेच व्याज. वैयक्तिक कर्ज तर सोडाच: ३ लाख, १३ टक्के, दोन वर्षं म्हटलं की हप्ता १४,२६० च्या आसपास आणि व्याज ४२ हजारांवर. शिवाय परदेशी पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे एजंटनं आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत तो ५ टक्के होता. तो बुडत नाही, आयकरात वळता होतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून पगारातल्या टीडीएसमध्येही धरून मागता येतो. पण तोवर पैसे अडकतात. तिकीट आणि खोली स्वतः घेतली तर हे पॅकेज ठरत नाही.

स्वतः आखलं तर किती? मुंबईहून हनोई किंवा हो चि मिन्ह शहरमार्गे दा नांगचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ३२ हजार धरा, म्हणजे १ लाख २८ हजार. दा नांग विमानतळापासून होई आन ३० किलोमीटर. दोन खोल्या सहा रात्री २४ हजार, जेवण २८ हजार, गाड्या १० हजार, मुंबईपर्यंतची रेल्वे १० हजार (देवगिरी, नंदीग्रामचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं), विमा आणि सिम ७ हजार. ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, चौघांचे ९ हजारांच्या आसपास. जुन्या पेठेचं तिकीट माणशी १ लाख २० हजार डोंग, डोंग म्हणजे तिथलं चलन. आकडा बघून दचकू नका, रुपयाला २८०-३०० डोंग येतात, म्हणजे चारशे-सव्वाचारशे रुपये. त्यात पाच ठिकाणं बघता येतात. जवळच 'मी सॉन' या ठिकाणी जुन्या चाम राजांची शिवमंदिरं आहेत, त्यांचं तिकीट दीड लाख डोंग. खरा खड्डा पाडतं ते बा ना हिल्स हे दा नांगजवळचं डोंगरावरचं करमणुकीचं ठिकाण: माणशी साडेनऊ-दहा लाख डोंग, चौघांचे १३ हजार. तिथल्या 'सोन्याच्या पुला'वरच्या एका फोटोसाठी एवढे घालवायचे का, ते मुलांनाच ठरवू द्या. खरेदीला २० हजार आणि वर दहा टक्के शिल्लक धरली तरी २ लाख ८० हजारांत बसतं. तिथे कपडे शिवून घ्यायचे असतील तर माप पहिल्याच दिवशी द्या. एक-दोन दिवसांत शिवून मिळतं, पण घालून बघायला आणि दुरुस्तीला आणखी एक दिवस हवा.

पैसे जमवायचे असे: ऑगस्टपासून २२ हजारांची सहा महिन्यांची आरडी. जानेवारीअखेर १ लाख ३२ हजार आणि थोडं व्याज, त्यातून विमानाची तिकिटं. फेब्रुवारी ते एप्रिल दरमहा तेवढेच, म्हणजे ६६ हजार. उरलेले ८० हजार सोयाबीन-तुरीतून. शेतानं दगा दिला तर बा ना आणि खरेदी आधी कापा. तरीही जानेवारीअखेर जमत नसेल तर तिकीट काढू नका, कारण स्वस्त तिकिटाचा परतावा बहुधा मिळत नाही.

सरकारी नोकरीमुळे पासपोर्टसाठी ना-हरकत किंवा पूर्वसूचना पत्र लागेल आणि परदेशी जायला वेगळी परवानगी. दोन्ही अर्ज लवकर टाका, फाइल टेबलावर पडून राहते. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने चालणारा हवा. ई-व्हिसा व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावरूनच काढा, हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टावर आहे तसंच, त्याच क्रमानं भरा. चुकलं तर फी पुन्हा भरावी लागते.

रुपये तिथे चालत नाहीत. इथून डॉलर घ्या आणि तिथे लागतील तसे बदला. कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा शुल्क आणि त्यावर जीएसटी लागू शकतो, ते मोठ्या बिलांपुरतं ठेवा. २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. रात्रीच्या बाजारात घाईनं सत्तर रुपयांच्या जागी सतराशे हातावर ठेवले जातात. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा.