पहिल्या टाकीत कोणते मासे सोडावेत?

रंगीत मासे बघून मन भुलतं, हे मान्य. पण टाकी मांडल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे आणू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी असतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नवशिक्यांचे सर्वाधिक मासे याच घाईत मरतात.

६० लिटरच्या टाकीसाठी माझी निवड अशी:

- पाणी जड (जास्त क्षारांचं) असेल तर गप्पी किंवा प्लॅटी. फक्त नर घ्या, नाहीतर दोन महिन्यांत पिल्लांनी टाकी भरेल.
- पाणी मृदू (कमी क्षारांचं) असेल तर निऑन टेट्रा, किमान ८. एकटादुकटा निऑन भेदरून कोपऱ्यात बसतो, त्याचा रंगही फिका पडतो. थवा मात्र बघत राहावा असा!

गोल्डफिश यांच्यात नको. त्याला थंड पाणी आणि खूप मोठी टाकी लागते. टायगर बार्ब गप्पींच्या शेपट्या कुरतडतो. एंजलफिश लहानपणी गरीब दिसतो, मोठा झाला की निऑन गिळतो.

सगळे मासे एकदम सोडू नका. आधी तीन-चार, आठवड्याने अमोनिया तपासून पुढचे. खाणं चिमूटभरच, दोन मिनिटांत संपेल इतकं. अडलं तर बिनधास्त विचारा.