डिशवॉशरमधले पाणी प्रमाणाबाहेर तापत असेल तर

प्रश्न : आमच्या घरी तीन वर्षांपासून डिशवॉशर आहे. पाणी बोअरचे, उन्हाळ्यात टँकरचे. अलीकडे ५० अंशांच्या प्रोग्रामवरही दार उघडताच वाफेचा लोट येतो, प्लॅस्टिकची झाकणे वाकडी होतात आणि स्टीलच्या ताटांवर पांढरे डाग राहतात. मेकॅनिक हीटर बदलायला सांगतो. बदलावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : हीटर बदलण्याची घाई करू नये. बिघडलेला हीटर बहुधा पाणी तापवतच नाही, किंवा त्यातून वीज गळून घरातील ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. पाणी प्रमाणाबाहेर तापते तेव्हा दोष सहसा हीटरला थांबवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा कंट्रोल बोर्डावरील रिलेमध्ये, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये असतो.

मात्र पाणी खरोखर जास्त तापते का, हे आधी ठरवावे. भांडी लवकर वाळावीत म्हणून अनेक मशीन शेवटच्या विसळण्याचे पाणी मुख्य धुण्यापेक्षा अधिक गरम करतात, त्यामुळे शेवटी वाफ येणे हा पुरावा नव्हे. मुख्य धुणे सुरू होऊन अर्धा तास झाला की मशीन थांबवावे, मिनिटभराने दार बेताने किलकिले करावे, वाफ तोंडावर घेऊ नये आणि तळच्या जाळीजवळ साचलेल्या पाण्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर धरावा. चार-पाच अंशांचा फरक चालतो. ५० च्या प्रोग्रामवर ६० च्या वर आकडा गेला तर तक्रार खरी आहे.

आपण लिहिलेले पांढरे डाग मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मराठवाड्यातील काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, आणि पाणी तापले की त्यांचा तोच कडक थर बसतो जो गीझरच्या कॉइलवर किंवा पाणी उकळण्याच्या पातेल्याच्या तळाशी आपण रोज पाहतो. हा थर सेन्सरवर चढला की पाण्याची उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते. तो ५० म्हणेपर्यंत पाणी कितीतरी पुढे गेलेले असते. शिवाय प्रत्येक टँकरचे पाणी सारखे नसते, म्हणून मशीन बसवताना केलेले सॉफ्टनरचे (मिठाच्या मदतीने पाण्याचा कठीणपणा कमी करणाऱ्या भागाचे) सेटिंग उन्हाळ्यात चुकीचे ठरू शकते. कठीणपणा मोजण्याच्या पट्टीने पाणी तपासून सेटिंग बदलावे आणि मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरचेच जाड मीठ भरावे, जेवणातले आयोडीनयुक्त मीठ नव्हे.

क्षार काढण्यासाठी मशीन रिकामे ठेवून, डिशवॉशरसाठी मिळणारी क्षारनाशक पावडर पाकिटावरील प्रमाणात घालून सर्वांत गरम प्रोग्राम चालवावा. त्या वेळी डिटर्जंट किंवा ब्लीच मुळीच घालू नये. तळची जाळी आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाची बारीक जाळी काढून धुवावी. टँकरच्या गाळाने तिथे पाणी अडले तर थोडेच पाणी हीटरभोवती फिरत राहते. मशीनला सोलरचे पाणी जोडले असेल तर ते थंड पाण्याच्या लाइनवर घ्यावे, कारण बहुतेक मशीनना आत येणारे पाणी ६० अंशांपर्यंतच चालते आणि मे महिन्यात सोलरचे पाणी त्याहून सहज गरम असते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर सेन्सर तपासून घ्यावा. बहुतेक मशीनमधील सेन्सरचा विद्युत रोध तापमान वाढेल तसा कमी होतो, म्हणून तंत्रज्ञाने मल्टिमीटर लावून तो आधी थंड व मग गरम पाण्यात बुडवून पाहिला आणि आकडे कंपनीच्या तक्त्याशी ताडले की निकाल लागतो.

प्रोग्राम संपल्यावरही तळ तापतच राहिला किंवा जळका वास आला, तर रिले चिकटल्याची शक्यता आहे. अशा वेळी एमसीबी बंद करावा आणि बोर्ड तपासेपर्यंत मशीन पुन्हा सुरू करू नये.