टोफू द्यायचा तर सकाळी

प्रश्न : माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. भाज्या, फळं कुस्करून खातो. आता टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, सुरू करावा असं वाटतं. पण सोयाची ॲलर्जी येते म्हणून सासूबाई वर्षाचा होईपर्यंत नको म्हणतात. एकदा एक घास दिला तर त्यानं थुंकून टाकला. कोणता टोफू घ्यावा? कच्चा चालेल का?

उत्तर : सासूबाईंची काळजी खोटी नाही. दूध, अंडं, शेंगदाण्यासारखा सोयाही ॲलर्जीच्या यादीत आहेच. पण असे पदार्थ वर्षभर लांबवले की ॲलर्जी टळते, ही समजूत आता मागे पडली आहे. सहा महिने पूर्ण झालेत, आधारानं बसतो, मान सावरतो, तर द्यायला हरकत नाही. थुंकला म्हणजे नावडला असंही नाही. नवी चव आहे, दोन-चार दिवसांनी पुन्हा द्या.

सुरुवात रेशमी, म्हणजे 'सिल्कन' टोफूनं करा. तो दाबून निथळलेला नसतो, त्यामुळे चमच्याच्या पाठीनं लगेच मऊसूत होतो. घट्ट टोफूत प्रथिनं जास्त. पण कुस्करला की त्याचा कोरडा भुगा होतो आणि टाळूला चिकटतो. तो पुढे, बोटांत चिरडेल असा मऊ करून. कच्चा देऊ नका. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून, निववून, अंगावरच्या दुधात कालवा. मीठ नको, मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

पहिल्या दिवशी पाव चमचा पुरे. तोही सकाळी, आणि बाळाला सर्दी-ताप नसताना. दोन-तीन दिवस दुसरं नवं काही देऊ नका, म्हणजे काही झालंच तर कशानं झालं ते कळेल.

सकाळचा आग्रह का? अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं हे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतं. श्वासाला घरघर लागली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. पण ॲलर्जीचा दुसरा एक प्रकार फसवा असतो. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळ उलट्यांवर उलट्या करतं, पांढरंफटक पडतं, अंग टाकतं. पुरळ नाही, खाज नाही. त्यामुळे घरचे 'पोट बिघडलं' म्हणून गप्प बसतात. तेव्हाही ताबडतोब डॉक्टरकडे न्या आणि काय, किती वाजता खाल्लं ते सांगा. हे मध्यरात्री घडण्यापेक्षा दुपारी घडलेलं बरं, एवढाच हिशेब.

गाईच्या दुधाची ॲलर्जी आधीच निघाली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. अशा काही बाळांना सोयाही सोसत नाही. बाळाला थायरॉइडचं औषध चालू असेल तरीही सांगा, कारण सोयामुळे ते अंगी कमी लागतं.

टोफू पचला की त्याच्यासोबत शिजवलेला, गाळलेला टोमॅटो द्या. टोफूत लोह असतं, पण नुसतं ते फारसं शोषलं जात नाही. 'क' जीवनसत्त्वाची जोड लागते.

उरलेला ठोकळा पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन दिवसांत संपवा. आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला तर सरळ टाकून द्या.